पाला पाहून बटाटा जोखू नये

प्रिय सुधीर,



तू पाठवलेला हॉलंडच्या बटाट्याच्या शेताचा फोटो गावात सगळ्यांना दाखवला. पाला पाहून तरणी पोरं हरखली. जुन्या माणसांचा प्रश्न वेगळाच, "बुडाशी खोडं किती?"

खेड घाट ओलांडला की पेठ, कुरवंडी, थुगाव हे आपलं सातगाव पठार. बटाटा पावसावरचा, बेणं पंजाबातून मंचरच्या बाजारात आलेलं. खाली चाकणला कारखाने कितीही वाढोत, इथलं गणित बदललेलं नाही. बेण्याच्या फुटलेल्या डोळ्यातून खोड निघतं आणि प्रत्येक खोड आपापले कंद धरतं. खोडं जास्त तर बटाटे पुष्कळ, पण बारीक. खोडं कमी तर मोजके, पण पोसलेले. बेणं फार कोवळं असलं की शेंड्याचा डोळा तेवढा फुटतो, बाकीचे झोपून राहतात.

बटाटा म्हणजे मूळ नव्हे, खोडच. मातीखालच्या पेरांवरून आडव्या पांढऱ्या फांद्या निघतात, त्यांची टोकं फुगतात. उजेडात आल्या तर त्यांचाच पाला होतो, म्हणून मातीची भर लावायची.

आता पाल्याचं. तो सरी जितक्या लवकर झाकतो तितकं जास्त ऊन पकडतो आणि बटाटा पोसतो. पण फार दाटला की खालची पानं सावलीत पिवळी पडतात, ओल कोंडते नि करपा शिरतो. रात्री २० अंशांच्या वर उबदार राहिल्या आणि वर युरियाही जास्त पडला, तर पाला माजतो, कंद मागे पडतात. उलट तुमच्याकडच्या उशिरा येणाऱ्या जाती १६ तासांच्या उन्हाळी दिवसाला सरावलेल्या. इकडे रब्बीत लावल्या तर ११ तासांच्या दिवसात त्या कंद लवकर धरतात आणि झाड खुजंच राहतं. थोडा पाला, थोडं उत्पन्न! आपल्यासारख्या पठारी भागासाठी १९७२ साली 'कुफरी लवकर' ही जात आली. उबदार हवेतही ती झटपट कंद पोसते.

तेव्हा पुढच्या वेळी नुसता हिरवा फोटो पाठवू नकोस. एक झाड उपटून खोडं मोज, बटाटे मोज, पेरणी-काढणीच्या तारखा लिही. मग आपण दोघांच्या शेतांची खरी तुलना करू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता