वैशाखातले नागपूर

मुंबई-पुण्याकडून मे महिन्यात नागपूरला येणाऱ्या पाहुण्याला गाडीतून उतरताच आधी भेटते ते ऊन. नातेवाईक मागाहून भेटतात. "तुम्ही लोक इथे राहता तरी कसे?" हा प्रश्न नागपूरकराने दर उन्हाळ्यात ऐकलेला असतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी पाहुण्याने चार दिवस राहून बघितले पाहिजे.

समुद्र इथून शेकडो मैल दूर. त्यामुळे दमट वारा नाही, आकाश निरभ्र, आणि वायव्येकडून येणारे वारे कोरडे व तापलेले. त्यात २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. मुलांना हा प्रयोग अंगणात जरूर दाखवावा. मात्र डोके झाकून आणि पाच मिनिटांतच. आपले जुने लोक २५ मेपासूनच्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात, ते उगीच नाही.

मे महिन्यात ४२-४३ अंश हे इथे नेहमीचेच. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ पर्यंत गेला होता. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गवगवा झाला. तो आकडा यंत्रातील बिघाडाचा असल्याचे नंतर हवामान खात्याने सांगितले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्तमानपत्रात छापून येते ते सावलीतले, हवेशीर पेटीतले तापमान. टिनाच्या छपराखाली, डांबरी रस्त्यावर किंवा बांधकामाच्या मचाणावर जो असतो, त्याच्या वाट्याला याहून जास्त येते.

म्हणून इथले सारे जगणे घड्याळाचे काटे फिरवून चालते. पहाटे पाचला अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठावर फिरणाऱ्यांची गर्दी असते. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमधून मुलांचे क्रिकेट साडेपाचलाच सुरू होते. आठ-साडेआठला स्टंप उचलायचे, हा घरोघरचा नियम. अकरा ते पाच रस्ते ओस. ज्याला बाहेर पडणे भाग आहे तो डोक्याला, कानाला दुपट्टा बांधूनच निघतो. दिवे लागल्यावर मात्र शहर पुन्हा जागे होते. उसाच्या रसाची चरकी फिरू लागते, टरबुजाच्या फोडी कापल्या जातात, फुटाळ्यावर लेकरांना घेऊन आलेली कुटुंबे रात्री दहापर्यंत हलत नाहीत. सुटीत आलेल्या पाहुण्यांना गाव दाखवायचे असेल तर याच दोन वेळा पाळाव्यात.

खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, असे आजही काही जण मानतात. कांदा जेवणात खावा, खिशात ठेवून उपयोग नाही. शरीर वाचते ते पाण्याने आणि सावलीने. मूल खेळताना एकाएकी गप्प झाले, असंबद्ध बोलू लागले, अंग भाजल्यासारखे तापले, तर थांबू नये. सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. उन्हात काम करणाऱ्याच्या डब्याबरोबर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेली बाटली द्यावी. चमचा चहाचा घ्यावा.

पूर्वी घरोघरी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारीत, आता कूलर आले. हवा कोरडी असते म्हणूनच कूलर इथे गारवा देतो. पावसाळी दमट हवेत तोच निरुपयोगी ठरतो. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा, हे मुलांना पुन्हापुन्हा सांगावे. कूलरचा शॉक लागून इथे उन्हाळ्यात जीव गेलेले आहेत.

इतक्या उन्हातही वस्तीत हिंडताना बागा दिसतात. बंगल्यांच्या नव्हेत, तेलाच्या डब्यांतल्या, फुटक्या बादल्यांतल्या, सिमेंटच्या पोत्यांतल्या. नळ एक वेळ येतो, कधी टँकरची वाट बघावी लागते. पिण्याचे पाणी, कूलरचे पाणी आणि झाडांचे पाणी यांचा हिशेब घरातल्या बाईला रोज घालावा लागतो. तरीही मोगरा फुललेला असतो, कारण कडक ऊन त्याला मानवते. सदाफुली, कण्हेर आणि बोगनवेल तग धरतात. भेंडी, गवार, चवळी पाणी मिळाले तर टिकतात. कोथिंबीर मात्र लवकर फुलावर येते आणि टमाट्याची फुले उष्णतेने फळ न धरता गळतात. त्यात लावणाऱ्याच्या हाताचा दोष नाही.

पाणी थोडे असेल तर ते पहाटे द्यावे. दुपारचे अर्धे वाऱ्यावरच जाते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कुंडीत ओतावे. मातीवर वाळलेला पाला किंवा उसाची चिपाडे पसरावीत, ओल टिकते. मोठ्या रोपाशेजारी जुना मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला, की तो झिरपत राहतो व मुळे पाणी घेतात. दुपारी पाने मान टाकतात, तेवढ्यावरून घाबरू नये. संध्याकाळी ती सावरली नाहीत तरच पाणी कमी पडले समजावे. डबे भिंतीच्या पूर्वेला ठेवावेत, म्हणजे दुपारनंतरचे ऊन टळते.

परंतु डब्यातल्या मोगऱ्याने मुलांच्या डोक्यावर सावली होत नाही. गल्ल्या सिमेंटच्या झाल्या, त्या दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतात. उरल्यासुरल्या झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आले. झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीबाबत बजावले होते. आपल्या वॉर्डात तेवढी मागणी तरी आपण केली पाहिजे. खेळाच्या मैदानाच्या कडेला पाच झाडे असली, तर मुलांचा खेळ सकाळी तासभर जास्त चालतो. ज्यांना सुटीत गावी किंवा थंड हवेच्या ठिकाणी जाणे परवडत नाही, त्यांच्या मुलांची सुटी त्या तासातच असते.

विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो. तेव्हा वस्तीतल्या चार जणांनी मिळून मे महिन्यातच, एखाद्या पहाटे, मैदानाच्या कडेने दोन-दोन फुटांचे खड्डे खणून ठेवावेत. कडक उन्हात माती तापते, त्यातली कीड मरते. पहिला चांगला पाऊस पडला की शेणखत घालून कडुनिंब किंवा करंज लावावा. पुढचे दोन उन्हाळे प्रत्येक झाडाला पाणी कोण घालणार, त्या घराचे नाव मात्र खड्डा खणतानाच ठरवून घ्यावे.