टेलचं पाणी

अण्णांनी मला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं तो 2019चा दसरा होता. आपट्याची पानं त्यांच्या हातात देऊन मी पाया पडायला वाकले, तर म्हणाले, “असू द्या बाई, असू द्या. तुम्ही कुठल्या गावच्या?” जन्मभर मला ‘काय गं माय’ म्हणणारा माणूस. मी स्वयंपाकघरात गेले, पुरणाखालचा गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून थोडा वेळ नुसती उभी राहिले.

आम्ही कुकटपल्लीला, केपीएचबी कॉलनीत राहतो. आई गेल्यावर अण्णांना नांदेडहून इकडे आणलं. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांवर त्यांची हयात गेली. जन्म 1938चा, म्हणजे बालपण निजामाच्या राज्यातलं. शाळेत उर्दू, घरात मराठी, आणि तेलुगू सीमेकडच्या मजुरांकडून उचललेली. आमच्याकडे आले तेव्हा रैतू बाजारात भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करायचे आणि रिक्षावाल्याशी दखनीत भांडायचे. मग हळूहळू भाव विसरले, मग रस्ता विसरले.

डॉक्टरांनी सांगितलं, अल्झायमर आहे आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही खराब झाल्यात. उतारवयात ही दोन्ही दुखणी बरेचदा जोडीनंच येतात. घरी येऊन मी सापडेल ते वाचायला लागले. त्यात आमच्याच शहरातला एक अभ्यास सापडला. पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयात आलेल्या 648 रुग्णांची माहिती डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली होती. तो 2013 मध्ये छापून आला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला होता. अण्णांच्या तीन-चार भाषांनी त्यांना किती वर्षं दिली, याचा हिशेब मी बोटांवर करून पाहिला. सरासरी अशी एकट्या माणसाला वाटून देता येत नाही, हे कळत होतं. तरी केला.

पुढं मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला. खांबांवरून जाणारी मेट्रो बंद, खालचा रस्ता बंद, सांभाळायला येणारी बाईही बंद. संध्याकाळ झाली की अण्णा बेचैन व्हायचे, दाराची कडी काढायला बघायचे. त्यांच्याजवळ बसून राहायचं तर हाताला काहीतरी हवं, म्हणून मी ‘स्टॉल कॅचर्स’ खेळायला लागले.

खेळ म्हणायचा, पण काम खरं आहे. अमेरिकेत इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथल्या प्रयोगशाळेत अल्झायमरसारखा आजार होईल असे बदल जनुकांत केलेले उंदीर असतात. उंदराच्या कवटीत काचेची लहानशी खिडकी बसवतात, रक्तात चमकणारा रंग सोडतात आणि सूक्ष्मदर्शकानं जिवंत मेंदूतल्या केशवाहिन्यांचं चित्रण करतात. रंग रक्तातल्या द्रवात मिसळतो, पेशींत शिरत नाही. त्यामुळं वाहिनी उजळ दिसते आणि पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या. ठिपके जागा बदलत असतील तर रक्त वाहतंय. एकच काळा डाग तिथल्या तिथं बसला असेल तर वाहिनी तुंबली. अशा हजारो वाहिन्या डोळ्यांनी तपासायला संशोधकांचे महिने जातात, म्हणून 2016 पासून हे काम जगातल्या कुणालाही खुलं केलं. पडद्यावर एक वाहिनी रेघेनं आखून येते. कळ सरकवली की चित्र एकेका थरानं खोल जातं. बघायचं आणि सांगायचं: वाहती की थांबलेली. तीच वाहिनी अनेकांना दाखवतात आणि सगळ्यांची उत्तरं जुळवून निकाल ठरवतात. अधूनमधून उत्तर आधीच माहीत असलेली चित्रंही येतात, म्हणजे आपली नजर किती पक्की ते कळतं. माझी सुरुवातीला अजिबात पक्की नव्हती.

उंदरांचं मनात यायचंच. कवटीतली ती खिडकी डोळ्यांपुढून जायची नाही. पण आमच्याच स्वयंपाकघरात उंदीर दिसला की मी रात्री पिंजरा लावते, तेव्हा फार बोलायचा हक्क मला नाही.

एका संध्याकाळी अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ही कोणती चारी?”

“उंदराच्या डोक्यातली, अण्णा.”

त्यांनी ते कानावर घेतलं नाही. “हिच्यात पाणी चालू नाही. वर गाळ बसलाय.”

मी ‘थांबलेली’ म्हणून नोंदवलं. चूक निघाली. पुढच्या वाहिनीलाही ते तेच म्हणाले, तिच्या पुढच्याही. त्यांच्या लेखी सगळ्याच चाऱ्या गाळानं भरलेल्या होत्या. मला हसू आलं. मग त्यांनी खात्यातल्या आवाजात सांगितलं, “एका चारीत गाळ बसला की खालच्या सगळ्या सुकतात. वरच्याला कळतसुद्धा नाही. बोंब टेलवाल्यांची येते.” टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक.

मला नेमकं तेच उमगत नव्हतं. कॉर्नेलच्या त्या प्रयोगशाळेचा निबंध 2019 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आला होता. आजारी उंदरांत तुंबलेल्या केशवाहिन्या शंभरात जेमतेम दोन. इतक्याशानं काय होणार, असं मला वाटायचं. पण तुंबलेल्या वाहिनीच्या पुढं जोडलेल्या वाहिन्यांतही रक्त मंदावतं, आणि मेंदू असा की वजन शरीराच्या दोन टक्के, प्राणवायू मात्र लागतो वीस टक्के. गाळही सापडला होता: न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसतात. त्यांना अडवणारं प्रतिपिंड दिल्यावर काही तासांत प्रवाह वाढला आणि उंदीर स्मरणाच्या चाचणीत सुधारले.

हे वाचून मी रात्रीच डॉक्टरांना लांबलचक मेसेज पाठवला. त्यांनी सकाळी फोन केला. म्हणाले, “ताई, त्याच पेशी आपल्याला जंतूंपासून वाचवतात. त्या अडवल्या तर तुमच्या वडिलांना न्यूमोनिया गाठेल. आणि उंदरात जमलेलं माणसात जमत नाही, हे या आजारात फार वेळा झालंय.” मी बरं म्हटलं. अण्णांच्या गोळ्या होत्या त्याच चालू राहिल्या, रक्तदाबाची वही मी जरा जास्त नेटानं भरायला लागले.

खेळणं मात्र सोडलं नाही. दिवेलागणीनंतर पाऊण तास, अण्णा शेजारी. कडीकडे जाणं पुष्कळ कमी झालं. ते खेळामुळं की शेजारी माणूस बसल्यामुळं, कुणास ठाऊक. माझी नजर सुधारली. त्यांची उत्तरं शेवटपर्यंत तीच राहिली.

माझं नाव त्यांना पुन्हा आठवलं नाही. पण दसऱ्याच्या त्या ‘तुम्ही’त मी परकी होते, आणि या ‘तुम्ही’त खात्यातली झाले होते. पडदा बंद करताना ते रोज विचारायचे, “टेलवाल्यांचा अर्ज आला का?”

“आलाय अण्णा. बघतेय.”

“बघा. स्वतः जाऊन बघा, कागदावर भरवसा ठेवू नका.”