काटेपूर्णेच्या रानात

अकोल्याहून वाशीमकडे निघालेल्या लोहमार्गावर जऊळका हे लहानसे स्थानक आहे. त्याच्या उत्तरेस, दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या काटेपूर्णा अभयारण्यात, शहरातून एका दिवसासाठी आलेली मंडळी मार्गदर्शकामागून सागाची पानगळ तुडवीत चालतात. पान वाजले की चौशिंगा दिसण्याआधीच झुडपांत नाहीसा होतो. चार शिंगे केवळ नराला. स्वभाव एकांतप्रिय, आणि पाण्यापासून तो फार दूर राहत नाही. म्हणून जाणता मार्गदर्शक पाणवठ्यापाशी कोणास रेंगाळू देत नाही. हौशी छायाचित्रकारांना हे रुचत नाही. परंतु वैशाखात तहानलेला जीव माघारी फिरला, तर त्याने जावे कोठे? झाडांआडून महानच्या धरणाचे पाणी चमकते. अकोल्याच्या नळांना येते ते हेच.