दिनाँचें पितळ

नामूरहून सुटलेली आगगाडी म्यूझ नदीच्या कांठाकांठानें अर्ध्या तासांत दिनाँस पोंचते. बेल्जममधील हें गांव फारच चिंचोळें. एका अंगास नदी, दुसऱ्या अंगास सरळ उभा कडा, त्याच्या माथ्यावर किल्ला. मध्ययुगांत येथील पितळकाम युरोपभर नांवाजलेलें होतें. आम्हांस पुण्याच्या तांबट आळीची आठवण झाली. येथील ‘कूक’ नांवाचीं बिस्किटें कणीक व मध यांचीं, म्हणून शाकाहारी प्रवाशास चालतात. दांतांस मात्र चालत नाहींत.

याच गांवीं १८१४ सालीं आडोल्फ साक्स जन्मला, व १८४६ सालीं पॅरिसमध्यें त्यानें सॅक्सोफोनचें पेटंट घेतलें. गांवच्या पुलावर रंगविलेले प्रचंड सॅक्सोफोन उभे आहेत. हें वाद्य आम्ही चित्रपटांतल्या गाण्यांपुरतेंच ओळखत होतों. तो समज त्या सायंकाळीं एका लहानशा दिवाणखान्यांत दूर झाला.

चार तरुण वादक, लहानापासून मोठ्यापर्यंत चार सॅक्सोफोन, आणि पन्नासएक खुर्च्या. ध्वनिक्षेपक नाहीं. ग्लाझुनोव्ह या रशियन संगीतकाराची १९३२ सालची चौकडी त्यांनीं वाजविली. पितळेच्या अंगांतून इतका मऊ, जवळजवळ मानवी कंठाचा स्वर निघेल अशी आमची कल्पना नव्हती. सारी करामत मुखाशीं बांधलेल्या वेताच्या पातळ जिभलीची. म्हणूनच हें वाद्य पितळी असूनही बांसरी-सनईच्या कुळांत मोजतात.

मैफल संपल्यावर आल्टो वाजविणारी मुलगी आमच्याशीं बोलत बसली. वय पंचविशीच्या आंतबाहेर. नवव्या वर्षीं गांवच्या संगीतशाळेंत सुरुवात, मग पॅरिस. तेथें पहांटे दोन तास नुसते लांब स्वर. “व्हायोलिनवाल्यास वाद्यवृंदांत कायमची खुर्ची असते,” ती म्हणाली, “आम्ही तेथें पाहुणे. बोलावणें आलें तर जायचें. म्हणून ही चौकडी, आणि शिकवणी.”

खुर्ची नाहीं याचें कारण जुनें आहे. पॅरिसच्या काँझर्व्हेटरींत १८५७ पासून स्वतः साक्स लष्करी बँडच्या मुलांस शिकवीत असे. १८७० च्या युद्धांत तो वर्ग बंद पडला, तो ७२ वर्षें उघडला नाहीं! १९४२ सालीं, शहर जर्मनांच्या ताब्यांत असतां, मार्सेल म्यूल यांजकडे तो पुन्हा सोंपविण्यांत आला. आपल्या बाजाच्या पेटीचा जन्महि साक्सच्याच काळांतला व पॅरिसमधलाच. पण तिला आपल्याकडे घरोघर शिकविणारे मिळाले. या मुलीच्या गुरूंचे गुरु म्यूल यांचे शिष्य. हें सांगतांना ती क्षणभर ताठ बसली; घराणें सांगणारा आपला गवईहि असाच बसतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिची शिकवणी पाहण्यास गेलों. शिष्य आठनऊ वर्षांचा. वाद्य त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होतें. खालचा ओंठ दांतांवर घ्यायचा, खांदे न उचलतां पोटांतून श्वास सोडायचा, आणि एकच स्वर सोळा मात्रा धरायचा. सहाव्या मात्रेस तो चिरकला. मुलगा ओशाळला. ती रागावली नाहीं, समजावीत बसली नाहीं. तिनें आपला आल्टो उचलला व तोच स्वर त्याच्याबरोबर लाविला. यावेळीं दहा मात्रा झाल्या.

गाडीची वेळ झाली होती. आम्ही पुलापाशीं आलों तरी खिडकींतून तो स्वर ऐकूं येत होता. एकदां तुटला, आणि लगेच पुन्हा दोघांनीं धरला.