ब्रेकच्या ड्रममधली धूळ

आपल्या वस्त्यांमधून गॅरेजवर काम करणारी मुले थोडीथोडकी नाहीत. कोणी हेल्पर, कोणी मिस्त्री, कोणी स्वतःचे गॅरेज टाकलेले. मीही त्यांच्यातलाच. म्हणून आज आमच्या धंद्यातली एक गोष्ट कुटुंबाच्या या पानावर सांगतो. ती गॅरेजाइतकीच घराचीही आहे.

यंदा जयंतीच्या आधी एक जुना टाटा-मर्सिडीज ट्रक माझ्याकडे आला. टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा होता. त्या काळातल्या ट्रकांच्या तोंडावर बेंझचा तारा असायचा. हा त्यांपैकीच एक. मालक म्हातारे गृहस्थ. गाडी त्यांनी पोटच्या पोरासारखी जपलेली. म्हणाले, "मिस्त्री, १४ एप्रिलला हिच्यावर चित्ररथ करायचाय. मागचा ब्रेक तेवढा लागत नाही."

"तेवढा" म्हणजे काय, याचा विचार करा. मिरवणुकीत गाडी मुंगीच्या चालीने चालते. पुढे लेझीम खेळणारी मुले, बाजूला कडेवर पोर घेतलेल्या आयाबहिणी. अशा जागी ब्रेकने दगा दिला तर काय होईल?

पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागचा एक्सल जॅकवर उचलून घोडीवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाके काढली, एक्सल शाफ्टचे बोल्ट सोडून शाफ्ट बाहेर घेतला. लॉक वॉशर सरळ केला, नट काढला आणि हब-ड्रम दोघांनी मिळून ओढला. रोग तिथेच दिसला. ऑईल सीलचे ओठ कडक झाले होते. डिफरन्शियलचे तेल लायनरवर आले होते. ड्रमच्या आत कडेला पायरी पडली होती आणि तापून बारीक भेगा उमटल्या होत्या.

तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवणारे लोक आहेत. तो गरम झाला की आतले तेल परत वर येते. त्यामुळे लायनर दोन्ही बाजूंचे बदलायचे. एका बाजूचेच बदलले तर गाडी ओढते. भेगा गेलेला ड्रम टर्निंगला देण्यात अर्थ नव्हता. मापाबाहेर पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि फुटतो. तो भंगारात टाकून दुसरा मिळवला आणि दोन्ही बाजूंचे ड्रम लेथवर एकाच मापाला आणले. सील ज्या जागेवर फिरते तिथेही खाच पडली होती. ती तशीच ठेवली असती तर नवे सीलही गळले असते. बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून, हब फिरवत नट आवळला, मग मापाप्रमाणे किंचित सैल सोडून वॉशर दुमडला.

पण सांगायची गोष्ट याच्या मधली आहे. ड्रम उघडताच माझा भाचा हवेचा पाईप घेऊन आला. "मामा, हवा मारू का?" मी त्याचा हात धरला. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसात जातात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी दम्यासारखा आजार किंवा कर्करोग होऊन उभे राहतात. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाहीत. म्हणून साबणाच्या पाण्याने धूळ भिजवायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे. हवा मारायची नाही, कोरडा झाडूही नाही.

माझ्या कालकथित वडिलांच्या काळी हवेचा पाईप हाच झाडू होता. संध्याकाळी आई त्यांचे कपडे दारात झटकायची आणि आम्ही भावंडे तिथेच खेळायचो. ही धूळ कपड्यांवरून घरात येते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. आज ते माहीत आहे. भगिनींनो, गॅरेजचे कपडे झटकू नका; वेगळे भिजवा, वेगळे धुवा. त्याहून बरे म्हणजे घरच्या माणसाला ते गॅरेजवरच बदलायला सांगा.

कोणी म्हणेल, गरिबाने इतके चोचले कशाला करावेत? हे चोचले नव्हेत, हा हक्क आहे. १९४६ साली कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक आले, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे ठेवा, असाही आदेश दिला. रस्त्याकडेच्या गॅरेजात अशी नोंद कोण ठेवणार? तिथे आपणच एकमेकांचे राखणदार.

भगवान बुद्धांनी अखेरचा उपदेश अप्रमादाचा केला. मला तो विहारात कळला आणि हबचा नट आवळतानाही कळतो. आपण बसवलेल्या ब्रेकवर अनोळखी माणसांचा जीव असतो, आणि आपण उडवलेल्या धुळीवर आपल्याच लेकरांचा. दोन्हींकडे सारखे लक्ष देणे हीच माझ्या मते मिस्त्रीची सम्यक आजीविका.

जयभीम.