परकं टेबल

लिखाण अडलं की लोक डोंगरावर का जातात, हे मला कळलेलं नाही. माथेरानची लाल माती, धुकं आणि हातातलं कणीस पळवणारी माकडं यांच्यापुढे कुणाचा लेख टिकाव धरणार? देखणी जागा स्वतःकडे बघायला लावते. अडलेल्या लेखणीला अशी जागा हवी, जी आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मुंबईत ती फोर्टात आहे. डोंबिवलीहून गाडीने शेवटचं स्टेशन गाठायचं, चालत हॉर्निमन सर्कलपर्यंत जायचं आणि टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढायच्या. इथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. सोसायटी 1804 सालची, ही इमारत पुरी झाली 1833 साली. बाहेर डोरिक खांबांचा थाट, आत उंच छत, संथ पंखे आणि जुन्या कागदाचा किंचित आंबूस वास. शिवाय संगमरवरातली मंडळी आहेतच: जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय, एल्फिन्स्टन. त्यांच्यासमोर एका परिच्छेदासाठी कपाळाला हात लावून बसायची लाज वाटते.

वाचायला बसलेल्यांत स्पर्धा परीक्षेची पोरं असतात, निवृत्त गृहस्थ असतात. एखाद्याने वर्तमानपत्राआड मान टाकलेली असते. त्याला कुणी उठवत नाही.

घरचं टेबल माझंच आहे, आणि तीच अडचण. खणात विम्याच्या पावत्या, समोर लाइटबिल, आतून शिट्ट्या मोजण्याची जबाबदारी. ‘नुसता बसलायस तर दळण तरी घेऊन ये,’ असं आई म्हणते, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर खरंच मी नुसता बसलेलो असतो. घरात मी कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा. इथे मी एका खुर्चीत बसलेला कुणीतरी. मी लिहावं म्हणून कुणी खोळंबलेलं नाही, आणि न लिहिल्याने कुणाचं अडत नाही. सुरुवातीला मी दुसऱ्याच कशाची तरी टिपणं काढतो. जुनं गॅझेटियर चालतं, प्रवासवर्णन चालतं. हात चालू लागतो, आणि टिपणाच्या मध्येच स्वतःचं एक वाक्य घुसतं. घरी त्याची वाट बघत बसलं की ते कधी येत नाही.

लेखिका दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथे येऊन काम करत. आणीबाणीत, 1976 साली, त्यांना अटक झाली तीही याच ग्रंथालयात. त्या कुठे सापडतील, हे शोधायला पोलिसांना फार कष्ट पडले नसावेत. इथून चालत जाण्याच्या अंतरावर काळा घोडा. तिथल्या वेसाइड इनमध्ये कवी अरुण कोलटकर बसत. खिडकीतून दिसणारा रस्ता, त्यावरची माणसं आणि कुत्री 2004 सालच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आली. ते हॉटेल आता नाही. ती किमया मला झेपणारी नव्हे, मी खिडकीपाशी बसलो तर फक्त चहा मागवत राहीन. पण एक गोष्ट दोघांत सारखी: घराबाहेरची एक जागा धरली आणि तिथेच जात राहिले. लॅपटॉप घेऊन रोज नवा कॅफे शोधणाऱ्यांची अर्धी बुद्धी वायफायचा पासवर्ड आणि प्लग शोधण्यात खर्च होते, असा माझा संशय आहे.

अर्थात धरलेली जागाही हळूहळू घरासारखी होते. दुर्गाबाईंना त्याने काही फरक पडला नाही, मला पडतो. अलीकडे शेजारच्या खुर्चीतले काका माझी जागा धरून ठेवतात, चहाला हाक मारतात आणि ‘लेख कुठवर आला?’ असं विचारतात. तेव्हापासून दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयावर माझा डोळा आहे.