फ्रीसिंक आहे हो, पण कुठल्या केबलवर?

मॉनिटरच्या खोक्यावर ‘फ्रीसिंक’ आणि ग्राफिक्स कार्डच्या खोक्यावर ‘जी-सिंक’. दोन्ही नावं एकाच कामाची, पण दोघांचं जमेलच असं नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत हा प्रश्न १०,००० रुपयांचा होता, आणि ते रुपये त्याच्या आजीचे, म्हणजे माझ्या आईचे होते. बारावीच्या निकालावर तिने पेन्शनमधून बाजूला ठेवलेले पैसे त्याच्या हातात दिले. त्याने ७५ हर्ट्झचा फ्रीसिंक मॉनिटर घेतला. कार्ड आधीचंच, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०. दुकानदाराने आपल्या वडोदऱ्याच्या पद्धतीने छातीठोक सांगितलं, “बधा कार्डमां चालशे!”

घरी आल्यावर कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंकचा पर्यायच दिसेना. दुकान परत घेईना. मॉनिटर चालू होतो ना, मग खराबी कसली? भाऊजींनी ‘खेळात पैसे घातले’ म्हणून विषय संपवला. पोरगा मात्र आजीने विचारलं की “एकदम मस्त चाललंय” म्हणायचा. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मुळात भानगड काय आहे? साधा मॉनिटर ठरलेल्या वेळेला चित्र बदलतो, सेकंदाला ६० किंवा ७५ वेळा. कार्डाला मात्र प्रत्येक चित्र बनवायला कमी-जास्त वेळ लागतो. कार्ड म्हणजे पोळ्या लाटणारी काकू आणि मॉनिटर म्हणजे घड्याळ लावून फेऱ्या मारणारा वाढपी, असं समजा. पोळी अर्धी झाली असली तरी तो उचलून नेतो आणि पानात अर्धी जुनी, अर्धी नवी पडते. स्क्रीनवर चित्र मधूनच फाटलेलं दिसतं ते हेच. व्ही-सिंक लावलं तर फाटत नाही, पण हुकलेली पोळी पुढच्या फेरीपर्यंत थांबते आणि खेळ अडखळतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये वाढपी तव्याशी उभा राहतो. पोळी फुगली की निघतो.

एनव्हिडियाने हे २०१३ मध्ये आणलं, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचं स्वतःचं मॉड्यूल लागायचं आणि किंमत चढायची. २०१४ मध्ये व्हेसाने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतलं, एएमडीने त्यावर फ्रीसिंक उभं केलं आणि पुढे ते एचडीएमआयवरही चालवलं. एनव्हिडिया अडून बसली होती. अखेर जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून तिने फ्रीसिंक मॉनिटरना दार उघडलं, तेही जीटीएक्स १० मालिकेपासून पुढच्या कार्डांना. ९६०, ९७० वाले तिथेच राहिले. आणि १० मालिकेलाही हे दार डिस्प्लेपोर्टच्या केबलवरच उघडतं.

भाच्याला विचारलं, “मागे पोर्ट कुठले आहेत बघ.” उत्तर आलं, “मामा, एचडीएमआय आणि व्हीजीए.” संपलं! खोक्यावरचा दावा खरा होता, कार्डही चांगलं होतं, फक्त दोघांना जोडणारा रस्ता नव्हता. स्वस्त मॉनिटरमध्ये डिस्प्लेपोर्ट वगळून पैसे वाचवतात, आणि ते खोक्यावर मोठ्या अक्षरात कोण लिहिणार? मधला कन्व्हर्टर घेण्याचाही विचार त्याने केला. मी नको म्हटलं. चित्र येतं, पण सिंक बहुधा येत नाही.

नवीन कार्डाचे पैसे नव्हतेच, आणि असते तरी आजीच्या बक्षिसाला जोडून आणखी खर्च काढायला मी त्याला सांगितलं नसतं. मार्ग त्याच्या वर्गातच निघाला. एका मित्राकडे एएमडीचं आरएक्स ५८० होतं. तो ब्लेंडर शिकतो, आणि ३.० आवृत्तीपासून त्या कार्डावर रेंडरिंग बंद झालं होतं. एनव्हिडियाच्या १०६० वर ते चालतं. खेळांत दोन्ही कार्डं साधारण सारख्याच ताकदीची. दोघांचीही अडचण कार्डाला कार्ड देऊन सुटणार होती. फक्त १०६० ला १२० वॉट लागतात आणि ५८० ला १८५, शिवाय सहाऐवजी आठ पिनांचा जोड. भाच्याचा एसएमपीएस ५५० वॉटचा, ‘सहा अधिक दोन’ पिनांचा, म्हणून निभावलं. ५८० कार्डं क्रिप्टोच्या खाणकामात खूप भाजली गेली आहेत, तेव्हा देवघेव पक्की करण्याआधी अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान बघितलं. मग जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला आणि फ्रीसिंकचा पर्याय लगेच दिसला.

एक गोष्ट उरलीच. या मॉनिटरची मर्यादा ४८ ते ७५. खेळ ४० फ्रेमवर घसरला की वाढपी थकून निघून जातो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर अशा वेळी प्रत्येक चित्र दोनदा दाखवून ८० करतो आणि निभावून नेतो. इथे ८० बसतच नाहीत. म्हणून सावल्या आणि गवताची सेटिंग खाली आणली, वर ७२ फ्रेमची मर्यादा बांधली. आता खेळ बहुतेक वेळ ५५ ते ७२ मध्ये राहतो.

परवा आजीने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने तिला खुर्चीवर बसवून गाडीचा खेळ लावून दाखवला. “रस्ता कसा सरळ पळतोय,” म्हणाली, आणि मग विचारलं, यावर तिची मालिका लागेल का. लागते. मालिकेला फ्रीसिंक लागत नाही.